गेमिंग लॅपटॉप घ्यावा की हलका? खरेदीआधी वाचण्यासाठी

लॅपटॉप घ्यायला येणारे बरेच ग्राहक एखाद्या कामाचं नाव सांगतात आणि त्यासाठी मशीन मागतात. ‘थ्रीडी शिकायचंय’, ‘अधूनमधून व्हिडिओ एडिट करतो’, ‘सुट्टीत गेम खेळतो’. गंमत अशी की हे काम बहुधा सठीसहामासी येणारं असतं. रोजचं काम, म्हणजे ब्राउझर, वर्ड, एक्सेल, ऑनलाइन मीटिंग, हे कुणी सांगतच नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. मग क्वचितच्या कामासाठी अडीच किलोचं मशीन घेतलं जातं आणि रोज पाठीवर वागवलं जातं. उलटंही होतं. सव्वा किलोचा देखणा लॅपटॉप घरी येतो आणि त्याच्यावर तासन्‌तास रेंडरिंग (थ्रीडी सीन किंवा व्हिडिओचं अंतिम चित्र तयार करणं) चालतं. दोन्ही मशीन चांगलीच असतात, फक्त चुकीच्या माणसाकडे गेलेली असतात.

म्हणून आम्ही आधी मॉडेल दाखवत नाही. दोन गोष्टी विचारतो. लॅपटॉप दिवसातला किती वेळ टेबलावर असणार आणि किती वेळ बॅगेत? टेबलावर असताना शेजारी प्लग असतो का?

सगळा खेळ वॉटचा

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड (गेम आणि थ्रीडीची चित्रं काढणारी चिप) जेवढी वीज घेतात, तेवढीच उष्णता बाहेर टाकतात. पातळ लॅपटॉपमधला प्रोसेसर साधारण १५ ते ३० वॉटच्या हिशोबाने चालवलेला असतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये एकटं ग्राफिक्स कार्डच ८० ते १५० वॉट घेऊ शकतं, प्रोसेसरचे ४५ किंवा त्याहून जास्त वेगळे. एवढी उष्णता बाहेर काढायला तांब्याच्या हीटपाइप, मोठे पंखे आणि मागे-बाजूला मोकळ्या जाळ्या लागतात. जाडी आणि वजन तिथून येतं, पंख्यांचा आवाजही तिथूनच येतो. पातळही हवा, गारही हवा, शांतही हवा आणि ताकदही पूर्ण हवी, असं मशीन अजून तरी कुणी बनवलेलं नाही.

प्रोसेसरच्या नावामागच्या अक्षरावरून पूर्वी अंदाज यायचा. यू म्हणजे कमी वीज, एच किंवा एचएक्स म्हणजे जास्त. आता त्यावर भरवसा ठेवू नका. एएमडीचा रायझन एआय ९ एचएक्स ३७० नावात एचएक्स मिरवतो आणि चांगल्या पातळ लॅपटॉपमध्येही बसतो.

ग्राफिक्स कार्डच्या नावात तर याहून मोठी मेख आहे. एनव्हिडिया कंपनीचं ‘आरटीएक्स ४०६० लॅपटॉप’ हे एकच नाव ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंतच्या कार्डांना लागतं. दोन मशीनच्या डब्यांवर तेच नाव असतं आणि गेममध्ये मात्र एक दुसऱ्याच्या बरंच मागे पडतं. एनव्हिडियाची पूर्वी कमी वॉटच्या कार्डांसाठी मॅक्स-क्यू ही वेगळी खूण असायची. २०२१ पासून कार्डाच्या नावातून ती गेली, त्यामुळे आता आकडाच शोधावा लागतो. तो मॉडेलच्या तांत्रिक माहितीत ‘टीजीपी’ (कार्डाला मिळणारे कमाल वॉट) या नावाखाली मिळतो. कंपनीच्या पानावर टीजीपी कुठेच दिला नसेल, तर तो सांगण्यासारखा नसावा असं आम्ही धरून चालतो.

डेस्कटॉपशी तुलना करताना आणखी सांभाळा. डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०९० कार्ड ४५० वॉटचं आहे आणि त्यात २४ जीबी मेमरी असते. लॅपटॉपमधलं ४०९० जास्तीत जास्त १५० वॉटचं (वरचे थोडे वॉट काही मशीन तात्पुरते देतात), मेमरी १६ जीबी. आतली चिपही वेगळी, जुळतं ते फक्त नाव.

कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही. नवे गेम मोठ्या टेक्श्चरवर (पृष्ठभागांच्या बारीक चित्रांवर) खेळायचे असतील किंवा थ्रीडीत मोठे सीन बांधायचे असतील, तर आधी कार्डाची ८ जीबी मेमरीच भरते आणि मग बाकीची ताकद नुसती वाट बघत बसते.

बॅटरी : स्वतः करता येण्यासारखा हिशोब

बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेले असतात. त्याला सरासरी वापराच्या वॉटने भागा, तास मिळतात. हलक्या लॅपटॉपची बॅटरी समजा ५५ वॉट-अवर आहे आणि ब्राउझर-वर्डच्या कामाला मशीन सरासरी ७ वॉट घेतं. म्हणजे जवळजवळ आठ तास. गेमिंग लॅपटॉपची बॅटरी ९० वॉट-अवरची असेल, पण साध्या कामालाच ते १८ वॉट घेत असेल, तर पाच तास. गेम सुरू केला की ८०-९० वॉट जातात आणि तासाभरात बॅटरी संपते.

त्यातही बॅटरीवर खेळताना वेग पडतो. प्लगमधून मिळते तेवढी वीज बॅटरी देऊ शकत नाही, म्हणून मशीन स्वतःच कार्डाला आवरतं. ‘प्लग काढला की गेम अडखळतो’ अशी तक्रार घेऊन लोक येतात. तो बिघाड नसतो.

मग आणखी मोठी बॅटरी का नाही बसवत? विमानात केबिनमध्ये परवानगीशिवाय नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा १०० वॉट-अवर आहे. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते. त्यामुळे मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९च्या आसपास थांबते.

गेमिंग लॅपटॉप आधीच घेतला असेल आणि साध्या कामातही बॅटरी दोन तासांत संपत असेल, तर दुरुस्तीला आणण्याआधी एक सेटिंग बघा. बहुतेक मशीनमध्ये हायब्रिड (मोठं कार्ड गरजेपुरतं) आणि डिस्क्रीट (मोठं कार्ड कायम) असे ग्राफिक्सचे दोन मोड असतात. कुणीतरी जास्त एफपीएससाठी (गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांसाठी) डिस्क्रीट निवडतं आणि विसरून जातं. मग मोठं कार्ड ईमेल वाचतानाही जागं राहतं. हायब्रिड करा, मशीन रीस्टार्ट करा. आमच्याकडे आलेली कितीतरी ‘बॅटरी खराब’ मशीन एवढ्यावर बरी झाली.

वजन करताना चार्जरही काट्यावर ठेवा

जाहिरातीत लॅपटॉपचंच वजन असतं. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर १८० ते ३३० वॉटचा, विटेएवढा. बऱ्याचदा अर्धा किलोच्या पुढे. त्यामुळे २.४ किलोचा लॅपटॉप खांद्यावर तीन किलोचा होतो. हलक्या लॅपटॉपला ४५ किंवा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर पुरतो आणि तोच फोनलाही चालतो.

इथे एक सोय फार कमी लोकांना ठाऊक असते. बरेच नवे गेमिंग लॅपटॉप टाइप-सी पोर्टातूनही १०० वॉटपर्यंत वीज घेतात. गेम खेळायला ती पुरत नाही, कॉलेज-ऑफिसच्या कामाला आरामात पुरते. वीट घरी ठेवून बॅगेत छोटा चार्जर ठेवता येतो. पण पोर्ट टाइप-सी दिसतो म्हणून त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. ‘पॉवर डिलिव्हरी इनपुट’ आहे का, हे विचारून घ्या.

हलक्या लॅपटॉपची दुसरी बाजू

आम्ही हलक्याची बाजू घेतोय असं वाटत असेल, तर तसंही नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ॲपलच्या एम मालिकेत तर ती चिपच्याच पॅकेजमध्ये असते. म्हणजे आज घेतलेली रॅम शेवटपर्यंत. ८ जीबी घेऊन पुढे वाढवू, हा विचार इथे चालत नाही. १६ च्या खाली जाऊच नका. गेमिंग लॅपटॉपमध्ये सहसा रॅमचे दोन स्लॉट असतात आणि एसएसडीलाही बहुधा दुसरी जागा मिळते. (नव्या मशीनमध्ये रॅमची एकच पट्टी असेल, तर दुसरी जोडून घ्या. दोन पट्ट्यांवर मेमरीचा वेग वाढतो आणि गेममध्ये तो दिसतो.)

दुसरी मर्यादा दमाची. हलकी मशीन छोट्या कामात चपळ असतात, पण अर्धा तास सलग जोर लावला की तापतात आणि वेग कमी करतात. २०२० पासूनच्या एम चिपच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. फाइल उघडण्यात, फोटोच्या कामात ती तरतरीत, आणि शांतता तर हेवा वाटावा अशी. लांबलचक एक्स्पोर्टला मात्र हळू होत जाते.

कोणत्या कामाला खरंच कार्ड लागतं

प्रोग्रॅमिंग शिकायला लागत नाही. त्याला रॅम आणि चांगला कीबोर्ड लागतो. अकाउंट, लेखन, संशोधन, शिकवणं यांनाही नाही. साध्या व्हिडिओ एडिटिंगचं उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून क्विक सिंक नावाची व्हिडिओसाठीची वेगळी यंत्रणा असते (नावात एफ असलेले काही प्रोसेसर वगळून), ॲपलच्या चिपमध्येही तशी असते. फोनवर शूट केलेला फोरके व्हिडिओ कापायला, जोडायला, शीर्षकं टाकायला आजचा चांगला हलका लॅपटॉप पुरतो. कलर ग्रेडिंगचे थर, इफेक्ट, नॉइज काढणं हे सुरू झालं की मोठं कार्ड उपयोगी पडतं.

ब्लेंडरमध्ये रेंडरिंग, मोठे गेम, गेम बनवणं, आर्किटेक्चरची व्हिज्युअलायझेशन, या कामांना कार्ड हवंच. मशीन लर्निंगची बरीच साधनं कूडा या कार्डावर हिशोब चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात आणि कूडा फक्त एनव्हिडियाच्या कार्डावर चालतं. पण शिकण्याच्या टप्प्यावर बरेच जण दूरच्या सर्व्हरवरच प्रयोग चालवतात. तसं असेल तर समोरचा लॅपटॉप हलका असला तरी बिघडत नाही.

सॉफ्टवेअर कुठे चालतं तेही तपासा. रेव्हिट, सॉलिडवर्क्स आणि थ्रीडीएस मॅक्स फक्त विंडोजवर चालतात. आणि स्नॅपड्रॅगन चिप असलेले विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम असले, तरी काही ऑनलाइन गेमचं अँटीचीट (फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर) आणि काही जुन्या प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर त्यांच्यावर चालत नाहीत.

मधले रस्ते

चौदा इंची गेमिंग लॅपटॉप आता दीड ते पावणेदोन किलोत मिळतात. कॉलेजात नेऊन संध्याकाळी खेळणाऱ्याला आम्ही बहुधा हेच दाखवतो. तेच कार्ड मोठ्या मशीनमध्ये जास्त वॉटवर चालेल आणि इथे पंख्यांचा आवाज बारीक पण टोचरा असेल, एवढं मान्य करून घ्या.

खेळणं घरीच होत असेल, तर हलका लॅपटॉप आणि घरात डेस्कटॉप ही जोडी आम्हाला सर्वात शहाणपणाची वाटते. डेस्कटॉपचं कार्ड नंतर बदलता येतं, लॅपटॉपचं जवळजवळ कधीच नाही. थंडरबोल्ट या वेगवान पोर्टाला बाहेरचं कार्ड जोडता येतं, पण त्या तारेतून कार्डाची पूर्ण ताकद पोहोचत नाही, म्हणून आम्ही स्वतःहून सुचवत नाही. क्लाउड गेमिंगला (गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, चित्र इंटरनेटवरून येतं) वेगापेक्षा स्थिर इंटरनेट महत्त्वाचं; आठवड्यातून एकदोनदा खेळणाऱ्याने आधी ते करून बघावं.

स्क्रीन

१४४ किंवा २४० हर्ट्‌झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलते; हे वेगवान गेमसाठी. रंगांचं काम असेल तर एसआरजीबी (स्क्रीन किती रंग दाखवते याचं माप) किती टक्के आहे ते बघा. स्वस्तातल्या काही गेमिंग लॅपटॉपवर ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांचंच आणखी एक माप) असं लिहिलेलं असतं. त्यावर फोटोचे रंग फिके दिसतात आणि छापून आल्यावर भलतेच निघतात.

घेतल्यानंतर

गेमिंग लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवून चालवू नका, हवा घ्यायच्या जाळ्या खालीच असतात. सतत प्लगला लावलेला असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करा. लिथियम बॅटरीला उष्णता आणि कायमची पूर्ण भर दोन्ही मानवत नाहीत. धूळ आत साचत राहते, ती वेळोवेळी काढून घ्या. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्जिंग ताबडतोब थांबवा, वर दाबून बघू नका, सरळ आमच्याकडे आणा.

येताना

रोज वापरता त्या सॉफ्टवेअरची आणि गेमची नावं लिहून आणा, जुना लॅपटॉप असेल तर तोही आणा. त्यात रॅम किती भरते आणि प्रोसेसर किती वेळ रिकामा बसतो, हे टास्क मॅनेजरमध्ये दोन मिनिटांत दिसतं आणि कितीतरी प्रश्न तिथेच सुटतात. रोजची बॅगही घेऊन या. आवडलेलं मशीन चार्जरसकट त्यात भरून, खांद्याला लावून जिना चढून-उतरून बघा. मग ते प्लगला लावून अर्धा तास पूर्ण ताकदीने चालवून दाखवू. तेवढ्या वेळात कीबोर्डला हात लावून बघा, आणि पंख्यांचा आवाज मीटिंगमध्ये किंवा झोपलेल्या माणसाशेजारी चालेल का, ते स्वतःच ठरवा.