‘मागच्यासारखीच केबिन द्या’ म्हणण्याआधी

क्रूझ कंपनी बदलणाऱ्या आमच्या बुकिंग एजन्सीच्या ग्राहकांसाठी

पहिली क्रूझ करताना लोक भरपूर प्रश्न विचारतात. त्याच कंपनीच्या दोन-तीन सफरी झाल्या की प्रश्न संपतात. मग कधीतरी वेगळी कंपनी करून बघावी असे वाटते आणि आमच्याकडे निरोप येतो, “मागच्यासारखीच केबिन द्या, बाकी काही नको.” सोबत जुन्या बुकिंगचा फोटो, त्यावर केबिनच्या नंबराभोवती पेनाने केलेला गोल. निरोप साधा दिसतो, पण आमच्या कामाचा सर्वात जास्त वेळ खाणारा हाच. म्हणून हे पत्रक. इनसाइड (बिनखिडकीची), ओशनव्ह्यू (खिडकीची), बाल्कनी आणि स्वीट हे केबिनचे चार प्रकार तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून लिहितो.

नंबर, डेक आणि नाव जुन्या जहाजावरच ठेवा

कंपनी बदलली की केबिनचा नंबर निरुपयोगी होतो. शेजारच्या सोसायटीत जाऊन आपल्याच फ्लॅटचा नंबर शोधण्यासारखे ते आहे. दार सापडेल, पण आतले घर वेगळे असेल. डेकचे, म्हणजे मजल्यांचे, आकडेही तसेच. बऱ्याच कंपन्या १३वा डेक गाळतात. एमएससी या क्रूझ कंपनीच्या काही जहाजांवर १३ असतो पण १७ नसतो, कारण इटलीत १७ अशुभ मानतात. त्यामुळे ‘आठवा डेक’ म्हणजे समुद्रापासून किती उंच, हे जहाज ठरल्याशिवाय सांगता येत नाही. एका जहाजावर आठव्या डेकच्या केबिनी लाइफबोटींच्या बऱ्याच वर असतात, दुसऱ्यावर नेमक्या त्याच उंचीवर.

यावरून घडलेला एक प्रकार. एका कुटुंबाला आठवा डेक, जहाजाचा मधला भाग आणि बाल्कनी एवढेच हवे होते. नव्या जहाजावर त्या जागेतल्या बाल्कन्यांसमोर लाइफबोटी होत्या, म्हणूनच त्या इतर बाल्कन्यांपेक्षा स्वस्त होत्या. आम्ही तसे लिहून कळवले. “चालेल, आम्हाला डेक माहितीचा आहे,” असे उत्तर आले आणि डिपॉझिट भरले गेले. मग मुलाने घरी डेक प्लॅन उघडून बघितला. बाल्कनीत उभे राहिले की समोर नारिंगी बोटीचे छप्पर आणि त्याच्या वर समुद्राची एक पट्टी, हे त्याच्या लक्षात आले. केबिन बदलली, पण तोवर मूळ सवलत संपलेली होती. डिपॉझिटनंतर वरच्या श्रेणीत जायचे असेल तर बहुतेक कंपन्या त्या दिवशीचा दर लावतात, पहिल्या दिवशीचा नव्हे. फरक ग्राहकाच्या खिशातून गेला आणि आमचे पहिले पाढे पंचावन्न.

नावांचा गोंधळ तर याहून मोठा. ‘स्वीट’ या शब्दाला क्रूझच्या धंद्यात ठरलेले माप नाही. प्रिन्सेस या कंपनीचा मिनी-स्वीट म्हणजे ऐसपैस बाल्कनी केबिन आणि बसायला सोफा; स्वतंत्र खोली नव्हे. रॉयल कॅरिबियनच्या ज्युनियर स्वीटमध्ये जागा चांगली मिळते, पण मोठ्या स्वीटवाल्यांचा सगळा मान मिळत नाही. नॉर्वेजियनमध्ये ‘स्वीट’ नाव असलेल्या सगळ्याच केबिनींना ‘हेवन’ या बंदिस्त विभागात प्रवेश नसतो. सेलिब्रिटीच्या कॉन्सिअर्ज क्लासमध्ये बऱ्याचदा साधी बाल्कनी केबिनच असते आणि जास्तीचे पैसे सेवेचे असतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असे व्हायला नको असेल तर नाव बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा: चौरस फूट किती, बाल्कनी धरून की सोडून, आणि या केबिनवाल्यांना जहाजावर कोणती दारे उघडी आहेत.

तिसरा प्रश्न गमतीचा वाटेल, पण कुनार्डमध्ये तुम्ही रात्री कोणत्या रेस्टॉरंटमध्ये जेवाल हे केबिनच ठरवते: ब्रिटानिया, प्रिन्सेस ग्रिल किंवा क्वीन्स ग्रिल. सेलिब्रिटीच्या ॲक्वाक्लास या केबिन-श्रेणीला ‘ब्लू’ हे वेगळे रेस्टॉरंट आहे. एमएससीत तर एकाच मापाची केबिन बेला, फँटास्टिका, ऑरिया अशा वेगवेगळ्या नावांनी विकली जाते आणि फरक जागेपेक्षा सोयींचा जास्त असतो. यॉट क्लब मात्र खरोखर वेगळा विभाग आहे, २००८च्या ‘एमएससी फँटासिया’पासून चालत आलेला.

बाल्कनी म्हणजे नक्की काय हवे आहे?

इथे थोडे रेंगाळतो, कारण निम्म्या तक्रारी बाल्कनीवरूनच येतात. खरे तर बाल्कनी हवी की नको हा प्रश्नच नसतो. तुम्ही तिथे काय करता हे आम्हाला कळायला हवे.

सकाळी पाय लांब करून तासभर बसणारे असाल तर बाल्कनीची खोली महत्त्वाची. प्रिन्सेसच्या जुन्या, ‘ग्रँड’ वर्गातल्या जहाजांवर कॅरिब डेकच्या बाल्कन्या खोल आहेत, त्यामुळे नेहमीचे प्रवासी तो डेक आधी पकडतात. त्याच कंपनीच्या २०१३च्या ‘रॉयल प्रिन्सेस’च्या वर्गात साध्या बाल्कन्या बऱ्याच अरुंद आहेत. कंपनीही न बदलता नुसते जहाज बदलले तरी असा फरक पडतो.

कुनार्डच्या ‘क्वीन मेरी २’वर खालच्या डेकवर ‘शेल्टर्ड’ बाल्कन्या आहेत. त्या जहाजाच्या पोलादी अंगातच कोरल्यासारख्या आहेत, वारा लागत नाही. अटलांटिकमध्ये हे सुख असते. पण कठड्याच्या जागी काच नाही, पोलादी भिंत आहे. उभे राहिलात तर समुद्र दिसतो, खुर्चीत बसलात की समोर भिंत आणि वर आकाश. बसून समुद्र बघणाऱ्यांना ती केबिन घेऊ नका असे आम्ही स्पष्ट सांगतो.

‘सेलिब्रिटी एज’ २०१८मध्ये आले आणि त्याबरोबर ‘इन्फिनिट व्हरांडा’. यात वेगळी बाल्कनी नाही. खोलीच समुद्रापर्यंत नेलेली आहे आणि बटण दाबले की समोरची मोठी काच अर्ध्यावर खाली सरकते. जागा मोठी वाटते, पाऊस आला तरी बसता येते. पण जोडीदार झोपलेला असताना दार लोटून गुपचूप बाहेर जाऊन बसणाऱ्यांना हा प्रकार रुचत नाही. त्याच जहाजावर नेहमीच्या बाल्कनीच्या केबिनीही आहेत, मात्र त्या कमी आहेत आणि लवकर जातात.

कार्निव्हलच्या ‘कोव्ह’ बाल्कन्या खाली, पाण्याजवळ असतात. लाटांचा आवाज छान येतो, वर लाइफबोटी असल्याने सावली मिळते, पण ऊन हवे असणाऱ्यांनी तिकडे फिरकू नये. रॉयल कॅरिबियनच्या ‘ओॲसिस’ वर्गात तर समुद्राकडे पाठ केलेल्याही बाल्कन्या आहेत, जहाजाच्या पोटातल्या बागेकडे किंवा बोर्डवॉककडे उघडणाऱ्या. संध्याकाळची गर्दी आणि दिवे बघायला मजा येते. “बाल्कनी आहे पण समुद्र कुठे?” हा फोन मात्र जहाजावरून येऊ नये, म्हणून त्या केबिनच्या कोटेशनवर आम्ही ‘आतल्या बाजूची’ असे ठळक लिहितो.

झोप आणि पोट

बोट लागत असेल तर उत्तर सगळ्या कंपन्यांत एकच: खालचा डेक, मधला भाग. जहाज पुढे-मागे झुलते तेव्हा दोन्ही टोके सर्वात जास्त वरखाली होतात, आणि दोन्ही अंगांवर डोलते तेव्हा वरचे डेक जास्त फिरतात. बाजूंना असलेले स्टॅबिलायझरचे पंख अंगावर डोलणे बरेच आवरतात, पुढे-मागे झुलण्यावर त्यांचा फारसा उपाय नाही. मागच्या टोकाच्या बाल्कनीतून फेसाळ पाण्याची रेघ दिसते, ती अनेकांना वेड लावते. पण थरथरही तिथेच जाणवते.

आवाजाचे म्हणाल तर डेक प्लॅन एका वेळी एकच मजला दाखवतो, आणि गोम तिथेच असते. तुमच्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा खरखराट. वर स्वयंपाकघर असेल तर ढकलगाड्या. खाली थिएटर किंवा नाचण्याची जागा असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. पुढच्या भागात खालच्या डेकवर असाल तर जहाज धक्क्याला लागताना त्याला बाजूला ढकलणारे पाण्याखालचे आडवे पंखे फिरतात आणि आख्खी खोली घुमते. सर्वात शांत जागा म्हणजे वर केबिनी आणि खालीही केबिनी. शिवाय प्लॅनवर दोन खोल्यांमध्ये जोडणीची खूण असेल तर मध्ये दार आहे समजा. कुटुंबाला ते सोयीचे, अनोळखी शेजारी घोरणारा असेल तर नाही.

आधी जहाज, मग केबिन

खरे तर क्रम असा हवा. ‘रॉयल कॅरिबियनला जातोय’ एवढ्याने काही कळत नाही. २०२४चे ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे २,४८,६६३ ग्रॉस टनांचे आणि केबिनमागे दोघे धरून ५,६१० प्रवाशांचे आहे. त्याच कंपनीची याच्या निम्म्याहून लहान जहाजेही आहेत. जास्त लहान जहाज म्हणजे जास्त निवांत असेही नाही. ग्रॉस टन हे वजन नसून आतल्या जागेचे माप आहे, त्याला प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती ऐसपैसपणा याचा अंदाज येतो. ‘आयकॉन’ला तो साधारण ४४ येतो. ‘व्हायकिंग स्टार’ ९३० प्रवाशांचे, तिथे हा आकडा ५१च्या आसपास जातो. ३५च्या खाली गेला की रांगांची तयारी ठेवा.

स्वभावही बघावा लागतो. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर १८ वर्षांखालील कोणी नाही, कॅसिनो नाही, आणि प्रत्येक केबिनला बाल्कनी आहे. व्हर्जिन व्हॉयेजेसवरही फक्त मोठी माणसे, पण तिथला माहोल रात्री जागणारा. कुनार्डवर ‘गाला’ रात्री सूट किंवा तोलामोलाचा पोशाख लागतो, आणि ज्यांना तो बॅगेत भरायचा नाही त्यांनी हट्टाने जाऊ नये. नॉर्वेजियनमध्ये जेवणाची ठरलेली वेळ आणि ठरलेले टेबल नसते. जुन्या कंपनीत रोज त्याच टेबलावर, त्याच वाढप्याकडून वाढून घ्यायची सवय असेल तर पहिले दोन दिवस चुकल्यासारखे होते. एकट्याने जाणार असाल तर नॉर्वेजियनच्या स्टुडिओ केबिनी जरूर बघा. २०१०च्या ‘एपिक’पासून त्या एकट्या माणसाच्या दराने मिळतात, इतर ठिकाणी जवळपास दोघांचे भाडे पडू शकते.

जुन्या कंपनीतली सभासदत्वाची पातळी सहसा सोबत येत नाही. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि कुनार्ड एकाच मालकाच्या असल्या तरी एकीचे पॉइंट दुसरीत आपोआप जात नाहीत. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी यांच्यात २०२४पासून पातळी जुळवून मिळते. एमएससी दुसऱ्या कंपनीचे कार्ड पाहूनही काही पातळी देते, पण अर्ज सफरीआधी करायचा. नंतर आठवण झाली तर वरातीमागून घोडे.

गॅरंटी केबिन आणि बोली

‘गॅरंटी’ शब्दाने फसू नका. हमी श्रेणीची असते, जागेची नाही. केबिन कंपनी निवडते आणि एकदा दिली की बदलून मिळत नाही. जुन्या कंपनीची सगळी जहाजे पायाखालची असतील तर हा जुगार ठीक आहे. नव्या कंपनीत पहिल्याच सफरीला तो खेळू नका असे आमचे मत आहे, दरातला फरक बघून मोह झाला तरी.

वरच्या श्रेणीसाठी बोली लावायचे ईमेलही येतात. बोलीची रक्कम माणशी असते, केबिनमागे नव्हे. मंजूर झाली की पैसे लगेच कापले जातात आणि नवी जागा तुम्हाला निवडता येत नाही. शांत मधली बाल्कनी सोडून पूलखालचा मोठा स्वीट पदरात पडू शकतो. बोली लावण्याआधी आम्हाला एक मेसेज टाका.

आम्ही लगेच दर का सांगत नाही

काही जण रागावतात, की बाकीचे पाच मिनिटांत आकडा पाठवतात, तुम्ही आधी प्रश्नांचा कागद देता. हो, देतो. फोनवर सांगितलेला ‘बाल्कनीचा दर’ म्हणजे त्या जहाजावरच्या सगळ्यात स्वस्त बाल्कनीचा दर, आणि ती कुठे असते ते वर लिहिले आहे. आम्ही तुमच्याकडून सल्ल्याचे वेगळे पैसे घेत नाही. कमिशन जहाज कंपनी देते, तेही भाड्यावर, बंदरशुल्क आणि करांवर नाही. स्वीटवर आम्हाला जास्त मिळते हे उघड आहे. तरीही बोट लागणाऱ्याला वरच्या डेकचा स्वीट आम्ही विकत नाही, कारण तो माणूस परत येत नाही.

दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवाल तेव्हा टिप्स, वायफाय आणि पेये कुठे धरलेली आहेत ते आमच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात असते. तिथे नजर टाकल्याशिवाय ‘ती स्वस्त’ म्हणू नका. आणि वेबसाइटवर स्वतः बुकिंग करून नंतर “जरा तुम्ही बघा ना” म्हणाल, तर काही कंपन्या ते आमच्याकडे ठरावीक मुदतीतच वळवू देतात, काही अजिबात नाही. मग मदत करायची इच्छा असूनही आमचे हात बांधलेले असतात.

तर जुन्या केबिनचा नंबर पाठवू नका. त्याऐवजी हे लिहून पाठवा: मागच्या केबिनमध्ये काय आवडले, कशाचा त्रास झाला, दिवसातला किती वेळ खोलीत घालवता, कोणाला बोट लागते, कोणाला जिने चढवत नाहीत, बरोबर कोण आहे आणि त्यांची वये. पाच ओळी पुरे. आम्ही दोन जहाजांवरच्या तीन केबिनी सुचवतो, प्रत्येकीच्या वरचा आणि खालचा डेक जोडून. केबिन थोड्या मुदतीसाठी धरून ठेवता येते, पण मुदत संपली की कंपनीची यंत्रणा ती आपोआप सोडते आणि तोच दर परत मिळेलच असे नाही. घरात ज्यांना विचारायचे त्यांना त्याच संध्याकाळी विचारा, विशेषतः डेक प्लॅन बघणाऱ्या मुलाला.