बारांगाय

बारांगाय : फिलिपीन्समधील स्थानिक शासनाचा सर्वांत खालचा घटक. देशात असे सुमारे 42 हजार घटक आहेत. मराठी वाचकाला पटकन ग्रामपंचायत आठवेल, पण ती तुलना अर्धीच लागू पडते. कारण तिथे खेड्यांप्रमाणे महानगरेही शेवटच्या गल्लीपर्यंत बारांगायांत वाटलेली आहेत. एकट्या मनिला शहरात ते 900 च्या घरात आहेत आणि बहुतेकांची ओळख केवळ क्रमांकाने होते. कायद्याने नव्या बारांगायला किमान 2,000 लोकवस्ती लागते, महानगरी मनिलात व मोठ्या शहरांत 5,000. प्रत्यक्षात मात्र या आकड्यांना फारसा अर्थ उरलेला नाही. कालोओकान शहरातील बागोंग सिलांग या एकाच बारांगायची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 2,61,729 भरली. शेवटी ऑगस्ट 2024 मध्ये सार्वमत घेऊन त्याचे सहा तुकडे करण्यात आले.

हे नाव बालांगाय या होडीवरून आले, असे हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने 1589 मध्ये तागालोग लोकांच्या चालीरीतींविषयी लिहिताना नोंदवले. दातू म्हणजे मुखिया. त्याच्या आधिपत्याखाली सुमारे शंभर घरे, कधी तिसाहूनही कमी. एका होडीतून आलेले कुटुंब, नातलग व आश्रित किनाऱ्याला लागले आणि त्यांचीच वस्ती झाली, असा त्याचा तर्क होता. मिंदानाओ बेटावरील बुतुआन येथे 1970 च्या दशकापासून उत्खननात लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या फळ्यांच्या जुन्या होड्या सापडल्या आणि या कथेला मोठेच बळ आले. शाळेच्या पुस्तकांत आजही ती जवळजवळ इतिहास म्हणून शिकवली जाते. होड्या खऱ्या आहेत. वस्त्या अशाच वसल्या, हे मात्र त्यांवरून सिद्ध होत नाही.

त्या काळच्या बारांगायला ‘आद्य लोकशाही’ म्हणण्याची राष्ट्रवादी लेखकांना हौस आहे. प्लासेन्सियाचे वर्णन वाचले की ती टिकत नाही. दातूच्या खाली महार्लिका व तिमावा हे मोकळे लोक आणि त्यांच्याखाली आलिपिन, म्हणजे कर्जामुळे, युद्धात पकडले गेल्यामुळे किंवा जन्मानेच बांधले गेलेले. आलिपिनांतही स्वतःचे घर असलेले आणि धन्याच्या घरात राहणारे असे दोन प्रकार होते. दातूची ऐपत जमिनीपेक्षा माणसांवर ठरे : किती जण त्याचे देणे लागतात, किती जण हाकेला येतात. लोकांच्या संमतीवर त्याचा अधिकार थोडाफार अवलंबून असे, कारण नाराज माणूस दुसऱ्या दातूकडे जाऊ शके. पण ही मुभा सगळ्यांना नव्हती.

स्पॅनिश सत्तेने (1565 पासून) दातूला मोडीत काढले नाही, कामाला लावले. तो ‘काबेसा दे बारांगाय’, म्हणजे बारांगायचा प्रमुख, झाला आणि त्याच्या वाट्याला चाळीस-पन्नास कुटुंबांचा कर गोळा करण्याचे काम आले. बदल्यात त्याला स्वतःचा कर व वेठबिगार माफ. विखुरलेल्या वस्त्या चर्चच्या घंटेच्या टप्प्यात आणून बसवल्यावर बारांगाय हे वस्तीचे नाव कमी आणि करदात्यांच्या यादीचे नाव अधिक झाले. सुरुवातीला बापाकडून मुलाकडे जाणारे हे पद पुढे निवडीने दिले जाऊ लागले. यादीतला कोणी मेला, पळाला किंवा बुडाला, तरी रक्कम पूर्ण भरायची. तूट काबेसाच्या खिशातून. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात हा मान नको म्हणून तोंड चुकवणारेही निघाले. अमेरिकी अमदानीत वस्तीसाठी ‘बार्रिओ’ हा स्पॅनिश शब्द रूढ झाला. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या दशकातील कायद्यांनी बार्रिओला निवडून दिलेले मंडळ मिळाले, एवढेच त्या काळाविषयी सांगण्यासारखे.

आजच्या बारांगायचा जन्म मात्र लष्करी कायद्याच्या काळातला आहे. सप्टेंबर 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. नव्या राज्यघटनेवर 15 जानेवारी 1973 ला सार्वमत व्हायचे होते. ते त्यांनी पुढे ढकलले आणि 31 डिसेंबर 1972 च्या हुकुमाने वस्तीवस्तीत ‘नागरिक सभा’ स्थापन केल्या. 10 ते 15 जानेवारीला 15 वर्षे व त्यावरील रहिवाशांना या सभांत बोलावून प्रश्न विचारण्यात आले. गुप्त मतपत्रिकेऐवजी बहुतेक ठिकाणी हात वर करून उत्तर द्यायचे होते. सरकारने जाहीर केलेला निकाल शेवटच्या माणसापर्यंत मोजलेला होता : घटनेच्या बाजूने 1,49,76,561, विरोधात 7,43,869. दोन दिवसांनी घटना संमत झाल्याची घोषणा झाली. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेले तेव्हा बहुसंख्य न्यायमूर्तींनी ही संमती रीतसर नसल्याचे म्हटले, तरीही 31 मार्च 1973 रोजी सहा विरुद्ध चार मतांनी याचिका फेटाळल्या आणि नव्या घटनेच्या आड आता काही येत नाही, असा निर्वाळा दिला. सप्टेंबर 1974 मध्ये बार्रिओंचे अधिकृत नामांतर झाले आणि पूर्वजांची संस्था परत आणल्याचे श्रेय राजवटीने घेतले. हुकूमशाहीने इतके जुने नाव इतक्या घाईने शोधून काढावे, यात नवल नाही. निवडणुकीला पर्याय हवा होता आणि तो देशी दिसायला हवा होता.

तरुणांसाठी 1975 मध्ये ‘काबाताआंग बारांगाय’ ही संघटना काढून तिच्या प्रमुखपदी राष्ट्राध्यक्षांची थोरली मुलगी इमी मार्कोस यांना बसवण्यात आले. 1977 मध्ये एका खुल्या सभेत आर्किमिडीज त्राहानो या विद्यार्थ्याने त्यांच्या या नेमणुकीविषयी प्रश्न विचारला. त्याला सभेतून नेण्यात आले. नंतर त्याचे छळाच्या खुणा असलेले प्रेत मिळाले. मार्कोस कुटुंब परागंदा झाल्यावर त्याच्या आईने अमेरिकेत दावा लावला. इमी मार्कोस यांनी बाजू मांडली नाही, म्हणून त्यांच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागला आणि 1992 मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला.

1986 च्या जनउठावात मार्कोस गेले, बारांगाय राहिले. 1991 च्या स्थानिक शासन संहितेने त्यांना सध्याचा आकार दिला : एक पूनोंग बारांगाय, म्हणजे प्रमुख, ज्याला सगळे ‘कापितान’ किंवा नुसते ‘काप’ म्हणतात, सात निवडून आलेले कागावाद, म्हणजे सदस्य, युवा मंडळाचा अध्यक्ष, शिवाय नेमलेले चिटणीस व खजिनदार. राष्ट्रीय करांतून स्थानिक संस्थांना मिळणाऱ्या वाट्यापैकी 20 टक्के बारांगायांना जातात. त्यांच्या निधीतले 10 टक्के युवा मंडळाचे. रस्त्यावर रात्री गस्त घालणारे तानोद, घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका हे सगळे मानधनावर.

बारांगायचे कार्यालय बहुधा बास्केटबॉलच्या छप्पर घातलेल्या मैदानाला लागून असते. तेच मैदान लसीकरणाला, संताच्या उत्सवाला, वादळात आसऱ्याला आणि कधी अंत्यदर्शनालाही वापरतात. नोकरी लागायची तर कार्यालयातून दाखला, दुकान काढायचे तर परवानगी, सरकारी इस्पितळात बिल कमी करून घ्यायचे तर गरिबीचा दाखला. कापितानची सही मिळाली की पुढची खिडकी उघडते. पहिल्यांदा नोकरी शोधणाऱ्यांसाठी हे कागद 2019 च्या कायद्याने मोफत केले.

या सर्वांत टिकाऊ ठरलेली गोष्ट म्हणजे लूपोन, दहा ते वीस रहिवाशांचे समेट मंडळ. तेही 1978 चे, मार्कोस यांच्याच काळातले. एका शहरात राहणाऱ्या दोन माणसांचा किरकोळ तंटा थेट कोर्टात नेता येत नाही. आधी बारांगायच्या टेबलावर बसावे लागते. प्रकरणे ओळखीची : उसने घेतलेले पैसे, कुंपण हातभर पुढे सरकणे, मध्यरात्रीपर्यंत चाललेले व्हिडिओके, म्हणजे पडद्यावरचे शब्द पाहत मोठ्याने गाणे, चिस्मिस म्हणजे गावगप्पांतून झालेली बदनामी. तक्रार वहीत उतरते, दुसऱ्याला बोलावणे जाते, कापितान दोघांना समोरासमोर बसवतो. वकिलाला आत प्रवेश नाही. ज्याने त्याने आपले म्हणणे आपल्या तोंडाने मांडायचे. 15 दिवसांत जमले नाही तर दोन्ही पक्षांनी निवडलेल्या तिघांपुढे पुन्हा प्रयत्न. तडजोड झाली आणि दहा दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, तर तिला कोर्टाच्या निकालाइतकेच वजन. फिसकटली तर तसा दाखला घेऊन कोर्टाची वाट मोकळी. न्याय स्वस्त आणि लवकर मिळतो हे खरे. पण समोरचा माणूस कापितानचा मेव्हणा निघाला तर काय, या प्रश्नाला संहितेत पुरेसे उत्तर नाही.

कागदोपत्री बारांगायची निवडणूक पक्षविरहित असते. तरी महापौराच्या किंवा काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्याच्या प्रचारात घराघराची मते माहीत असलेला माणूस म्हणजे कापितानच, आणि पैसे वाटायचे तर तेही त्याच्याच माणसांकरवी. याद्या करण्याचे जुने काम सुटलेले नाही. 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी अमली पदार्थांविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा संशयितांची नावे पुरवण्यात बारांगायच्या समित्यांचा हात होता; पोलीस कारवाईत सरकारी आकड्यांप्रमाणेच 6,000 हून अधिक माणसे मारली गेली. यादीत नाव कोणी आणि कशावरून घातले, हे घरच्यांना कळण्याची सोय नव्हती. 2020 च्या टाळेबंदीत घरटी एक बाहेर जाण्याचा पासही बारांगायने दिला आणि 5,000 ते 8,000 पेसोंच्या मदतीसाठी पात्र कुटुंबे दाखवून देण्यातही त्याचाच हात होता. नाव का नाही म्हणून भांडणे झाली, मदत खाल्ल्याबद्दल अनेक कापितानांवर खटले भरले गेले.

युवा मंडळ म्हणजे पुढाऱ्यांच्या मुलांची तालीम, अशी तक्रार वाढल्यावर 2016 च्या कायद्याने पदाधिकाऱ्यांचे वय 18 ते 24 केले आणि पदावरील नेत्यांच्या नात्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंतच्या नातलगांना उमेदवारी बंद केली. राजकीय घराण्यांना आळा घालण्याचे वचन 1987 च्या घटनेत आहे. त्यावर झालेला हा पहिला कायदा, आणि तो लागू झाला तो देशातल्या सर्वांत धाकट्या पदांना. मोठ्यांसाठी तसा कायदा काँग्रेसने अद्याप केलेला नाही.

मे 2018 नंतरची बारांगाय निवडणूक 2020 मध्ये व्हायची होती. ती दोनदा पुढे ढकलत ऑक्टोबर 2023 पर्यंत आणली गेली. त्यातला शेवटचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये घटनाबाह्य ठरवला, पण तोवर ठरलेली तारीख तशीच ठेवली. त्यापुढची निवडणूक डिसेंबर 2025 मध्ये होती. ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या कायद्याने पदाची मुदत चार वर्षांची केली आणि तारीख नोव्हेंबर 2026 वर नेली.