भुंगेरा ओळखायचा तर पावलं बघा

जुलै २०२२मध्ये सिलिगुडी आणि सिक्कीमकडून 'नैरोबी माशी'ची बातमी आली आणि बघता बघता ती आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही फिरू लागली. सिक्कीममधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शंभरेक विद्यार्थ्यांच्या अंगावर भाजल्यासारखे फोड उठले होते. सोबत किड्याचा मोठा करून छापलेला फोटो होता. किडा लांबुडका, नारिंगी-काळा, पहिल्या नजरेला मुंगीच वाटावा असा. आफ्रिकेतली माशी येते आणि चावते, असा एकूण मजकुराचा सूर होता. त्यातला एकही शब्द धड नव्हता. हा किडा पेडेरस या वंशातला, आणि या वंशातल्या जाती भारतात मुळातच आहेत. तो चावत नाही, त्याला नांगीही नाही. अंगावर बसला असताना आपण तो चिरडतो, तेव्हा त्याच्या शरीरातलं पेडेरिन हे रसायन कातडीवर पसरतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे फोडांची रेघ उमटते. हे रसायन किडा स्वतः बनवत नाही, त्याच्या शरीरात राहणारे जीवाणू ते बनवतात. २००२मध्ये त्या जीवाणूंची जनुकंही सापडली.

फोडांची ही रेघ पाहून आपल्याकडे अनेकांना 'नागीण' आठवते. मग नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळलं की माणूस जातो, ही जुनी भीती, तिच्या पाठोपाठ मंत्र आणि लेप. खरी नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा आजार आहे. तो शरीराच्या एका बाजूच्या मज्जातंतूच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. तोंड-शेपटीचा प्रश्नच नाही. दोन्ही बाबतींत डॉक्टरकडे जावं.

पण मला बोलायचंय ते त्या फोटोबद्दल. तो किडा माशी नाही हे फोटोतच दिसत होतं. माशीला उडायचे पंख दोनच. या किड्याच्या पाठीवर, छातीच्या मागे, निळसर-काळी दोन आखूड झाकणं होती आणि ती मधोमध एका सरळ रेषेत भिडली होती. ती सरळ शिवण म्हणजे भुंगेऱ्याची पहिली खूण. भुंगेऱ्यांचे पुढचे पंख उडण्याच्या कामातून जवळपास निवृत्त होऊन टणक कवच झालेले असतात. त्यांना कवचपंख म्हणू. उडायचे पातळ पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले. पेडेरसच्या कुलात हे कवचपंख आखूड असतात आणि पोट उघडंच राहतं, म्हणून ते भुंगेरे वाटत नाहीत. गंमत म्हणजे या एका कुलात ६० हजारांहून अधिक जाती आहेत. एकूण भुंगेऱ्यांच्या नोंदलेल्या जाती साधारण चार लाख. काजवा, शेणकिडा, धान्यातला टोका, नारळावरचा गेंड्या भुंगा, मुलं काड्यापेटीत ठेवतात तो सोनकिडा, ही सगळी मंडळी त्यातलीच.

शिवणीची खूण किती उपयोगी आहे ते पाहायचं तर एक जोडी बघा. अँथिया सेक्सगट्टाटा हा मोठा काळा भुंगेरा, अंगावर सहा पांढरे ठिपके. डिवचला की आम्लाचा फवारा मारतो. दक्षिण भारतातल्या झुडुपी रानांत थेरिया पेटिव्हेरियाना नावाचं एक झुरळही राहतं. काळं, गोलसर, पांढऱ्या ठिपक्यांचं. ते या भुंगेऱ्याची नक्कल करतं असं मानतात. फोटोत ठिपके मोजले तर सात भरतात, डाव्या पंखावर चार आणि उजव्यावर तीन. सम आकडा का नाही? कारण झुरळाचे पंख एकमेकांवर चढतात आणि उजव्या पंखाचा एक कोपरा डाव्याखाली दडतो. भुंगेऱ्याचे कवचपंख एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्याची नक्षी दोन्हीकडे सारखी.

इथपर्यंत सोपं आहे. भुंगेरा आहे हे कळलं, पण कोणता? इथे बहुतेक जण रंगाकडे वळतात आणि फसतात.

सहा ठिपक्यांचा म्हणून ओळखला जाणारा ढालकिडा (चिलोमेनेस सेक्समॅक्युलाटा) आपल्या शेतांत सर्रास दिसतो. त्याच्या पाठीवर बहुतेकदा ठिपके नसतातच, नागमोडी पट्टे असतात, आणि एकाच जातीत नक्षीचे इतके प्रकार की दोन फोटो शेजारी ठेवले तर कुणी एक जात म्हणणार नाही. (ठिपके म्हणजे ढालकिड्याचं वय, हीही एक लोणकढी थाप. कोशातून निघाल्यावर काही तासांत नक्षी उमटते, पुढे ठिपके वाढत नाहीत.) रताळ्याच्या वेलावर किंवा बेशरमाच्या पानावर सोन्याचा मुलामा दिल्यासारखा एक कासवकिडा दिसतो. ते सोनं रंगद्रव्याचं नाही. कवचातल्या अतिशय पातळ, ओलसर थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचं ते काम आहे. किडा मेला, थर वाळले की सोनं जातं आणि संग्रहालयातल्या टाचणीवर एक मातकट ठिपका उरतो. म्हणजे रंगाच्या बाबतीत जिवंतपणी काढलेला फोटो संग्रहालयावर मात करतो. तरीही ओळख पटवायला रंग दुय्यमच.

मग पाहायचं काय? पावलं. माझ्या मते भुंगेऱ्याच्या अंगावर याहून मजेचा अवयव नाही.

कीटकाच्या पायाला मांडी असते, पुढे नळी असते आणि शेवटी छोट्या छोट्या तुकड्यांचं पाऊल, त्याला टार्सस म्हणतात. टोकाच्या तुकड्यावर नख्यांची जोडी. पुढच्या, मधल्या आणि मागच्या पावलात किती तुकडे आहेत ते ओळीने लिहायचं, की झालं पदसूत्र. गेंड्या भुंगा, शेणकिडा, काजवा, सोनकिडा यांचं सूत्र ५-५-५. पिठात होणारा तांबडा भुंगेरा ५-५-४, म्हणजे मागच्या पावलात एक तुकडा कमी. बाजरीच्या कणसावर येणारे हिंगेही ५-५-४. हिंगे चिरडले तरी कातडीवर फोड येतात, पण रसायन वेगळं, कँथरिडिन. पेडेरस मात्र ५-५-५. फोड दोघांचेही, पण मागच्या पावलातला एक तुकडा सांगतो की घराणी वेगळी.

पॅरिसच्या एतिएन-लुई जॉफ्रॉय या डॉक्टरांनी १७६२मध्ये भुंगेऱ्यांची मांडणी याच मोजणीवर केली. पुढच्या पिढ्यांनी पंचखंडी, चतुष्खंडी, त्रिखंडी असे गटच पाडले. पानं खाणारे भुंगेरे, लांब मिशांचे खोडकिडे आणि सोंडकिडे चतुष्खंडी ठरले, ढालकिडे त्रिखंडी. मग भिंगं सुधारली आणि मोजणीत घोळ निघाला. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या पावलाला वरून पाहिलं तर चार तुकडे दिसतात. त्यातला तिसरा रुंद आणि पुढून दुभंगलेला. नीट पाहिलं तर त्या दोन पाळ्यांच्या बेचक्यात, दोन उशांच्या फटीत पडलेल्या मण्यासारखा, एक इवलासा तुकडा असतो. चौथा खरा तो. नख्यांचा लांब तुकडा त्याच्यापासून निघतो आणि तो पाचवा. म्हणजे चार दिसतात, असतात पाच. ढालकिड्याचीही तीच तऱ्हा. त्याचा दुसरा तुकडा दुभंगलेला, तिसरा दडलेला, म्हणून तीन दिसतात आणि असतात चार. पेडेरसचे पाच तुकडे उघड दिसतात, पण चौथा दुभंगलेला असतो आणि तीच त्याची एक पक्की खूण आहे.

हा दुभंगलेला तुकडा आला कशाला? त्याच्या तळव्यावर दाट केस असतात आणि केसांच्या टोकांशी तेलकट द्रवाचा पातळ पापुद्रा. खडबडीत सालीवर नख्या अडकतात, गुळगुळीत पानावर नख्यांना काही धरायला नसतं. तिथे हे केस चिकटतात. पाळ्या पसरट असल्या की केसांना जागा जास्त. फ्लोरिडातल्या एका निळ्या कासवकिड्याच्या सहा पावलांवर मिळून सुमारे ६० हजार केस आहेत आणि प्रत्येकाचं टोक दुहेरी. चालताना तो थोडेच केस टेकवतो. मुंगी आली की सगळे टेकवून पानाला गच्च बसतो. कीटकांचे अभ्यासक थॉमस आयझनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०००मध्ये त्याला दोऱ्याने ओढून पाहिलं, तर स्वतःच्या वजनाच्या ६० पट ओढ त्याने दोन मिनिटं सहन केली. तेव्हा दुभंगलेलं पाऊल दिसलं की हा पानांवर वावरणारा असावा, असा अंदाज तरी बांधता येतो. नियम म्हणून नाही, कारण कुलांच्या अंतर्गत अपवाद आहेत, आणि काही नरांची पुढची पावलंच तेवढी रुंद असतात, मादीला धरायला.

आता कॅमेऱ्याकडे. किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटवायचा म्हटलं तर भिंगाचं छिद्र f/११ इतकं बारीक ठेवूनही स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम मिलिमीटरभर मिळते. छिद्र आणखी बारीक करावं तर प्रकाशाच्या विवर्तनाने सगळंच मऊ होतं. कारण या मोठेपणाला f/११ प्रत्यक्षात f/२२सारखा वागतो. त्यामुळे डोळे झकास आले की पावलं धूसर, हे ठरलेलं. स्पर्धेला पाठवायचा फोटो डोळ्यांवर फोकस करून घ्या, ओळखायचा फोटो पावलांवर. किडा थेट वरून, बाजूने आणि जमलं तर खालून टिपा. खालून टिपायला किड्याला काचेच्या बरणीत फिरू द्यावं आणि तळातून फोटो घ्यावा. पोटाकडची बाजू फार कामाची. जमिनीवर धावणारे शिकारी भुंगेरे आणि पाणभुंगेरे यांच्या मागच्या पायांची बुडं पोटाच्या पहिल्या दिसणाऱ्या पट्टीला मधोमध तोडून दोन तुकडे करतात. बाकीच्या बहुसंख्य भुंगेऱ्यांत ती पट्टी अखंड असते. भुंगेऱ्यांचे दोन सर्वांत मोठे उपगण या एका फरकाने वेगळे काढता येतात, आणि पाठीच्या देखण्या फोटोत तो कधीच दिसत नाही. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये घालणारे, गोंदाने चिकटवणारे महाभाग आहेत. पहाटेच्या गारव्यात तो आपणहून शांत बसतो, तेवढं पुरे.

फोनमधल्या ओळख-अ‍ॅपचा मी शत्रू नाही. कुलापर्यंत पोचायला ती बरी पडतात. पण ती पावलं मोजत नाहीत, एकूण चित्र जुळवतात आणि जातीचं नाव मोठ्या आत्मविश्वासाने देतात. हुमणीचा भुंगेरा घ्या. पहिल्या पावसानंतर कडुलिंबावर-बाभळीवर येणारा हा तपकिरी भुंगेरा नेमका कोणत्या जातीचा, हे ठरवायला तज्ज्ञ नराचं जननेंद्रिय काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. फोटोवरून अ‍ॅपने पूर्ण नाव दिलं तर तो अंदाज समजा. वंशावर थांबणं यात कमीपणा काहीच नाही.

आणि कधीकधी पावलंही मदत करत नाहीत. वांग्याच्या पानावरचा एपिलॅक्ना भुंगेरा ढालकिड्यांच्याच कुलातला, पावलं तशीच, ठिपके तसेच, पण मावा खायचा सोडून तो पानाची जाळी करतो. इथे फ्लॅश कामाला येतो. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची पाठ गुळगुळीत, तिच्यावर फ्लॅशचा पांढरा झळाळ उमटतो. एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असते, तिथे प्रकाश विखुरतो आणि पाठ मळकट दिसते. बहुतेक लोक तो झळाळ नको म्हणून फोटो एडिट करताना पुसून टाकतात. पुसू नका, आणि फोटोखाली झाडाचं नाव, किड्याची लांबी मिलिमीटरमध्ये आणि तारीख लिहा.