सिलोस्टॅझॉल आणि ॲस्पिरिन: एकीच्या जागी दुसरी चालत नाही

पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की चालताना पोटरी दुखायला लागते आणि थांबलं की काही मिनिटांत दुखणं ओसरतं. अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर बहुधा ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असतं, कधी जोडीला सिलोस्टॅझॉल. रक्तातल्या प्लेटलेट्सना (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना) तिन्ही गोळ्या एकमेकींना चिकटू देत नाहीत, म्हणून 'एकच काम करतात, एक पुरे' असं लोक परस्पर ठरवून टाकतात. हे वारंवार ऐकून मला खरंच काळजी वाटते.

ॲस्पिरिन ओळखीची आहे, तिच्याबद्दल एवढंच: ती पायदुखीसाठी दिलेलीच नसते. पायाच्या धमन्यांत चरबीचे थर साचले असतील तर ते हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही असण्याची शक्यता मोठी असते. गोळी हार्ट अटॅक आणि पक्षाघात टाळण्यासाठी असते. ती काम करत असताना काहीच जाणवत नाही. 'पाय तर तसाच दुखतो' म्हणून ती बंद करणारा माणूस नेमकं आपलं संरक्षण काढून टाकतो. क्लोपिडोग्रेलचंही तेच.

सिलोस्टॅझॉलचं उलट आहे. ती रक्तवाहिन्या सैल करते आणि न थांबता चालता येणारं अंतर वाढवते, पण तिने हार्ट अटॅक किंवा मृत्यू टळतात असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून तिचा हिशेब पायांनीच करायचा. नेहमीचा डोस १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. तीन महिन्यांत चालणं वाढलं नाही तर ती चालू ठेवण्यात अर्थ नाही. डोकेदुखी, जुलाब, धडधड होऊ शकते. हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी होणं) असेल, अगदी सौम्य असलं तरी, ही गोळी नकोच. धाप लागत असेल किंवा पायांवर सूज असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ओमेप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) किंवा डिल्टियाझेम (रक्तदाब, छातीदुखीची गोळी) चालू असेल तर डोस निम्मा करावा लागतो.

याच पायदुखीसाठीची जुनी गोळी, पेंटॉक्सिफायलिन, अजूनही लिहून दिलेली दिसते. माझ्या मते ती सोडून द्यावी, तिचा उपयोग फारच तोकडा आहे. त्यापेक्षा दुखेपर्यंत चालणं, थांबणं, पुन्हा चालणं, असं आठवड्यातून किमान तीनदा, अर्धा-पाऊण तास, निदान बारा आठवडे करावं. तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) हेही जीव वाचवण्यासाठीच असतं, तेही पायदुखीच्या मापाने मोजू नका.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असतील तर त्यांत सिलोस्टॅझॉलची भर घालू नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये तसं स्पष्ट बजावलं आहे.