हलक्या आवाजातली मराठी कथा

नव्या मराठी कथासंग्रहांच्या मलपृष्ठांवर तीन शब्द हटकून भेटतात : तरल, संयत, अंतर्मुख. घटना थोड्या, संवाद अर्धवट सोडलेले, खिडकीशी बसलेलं कुणीतरी आणि त्याच्या मनात सावकाश फिरणारी एखादी जुनी गोष्ट. अशा लेखनाकडे आपण बरेचदा शहरी एकटेपणाची अलीकडची उपज म्हणून पाहतो, नाहीतर परदेशी अनुवादांचा परिणाम म्हणून. मला हे पटत नाही. मराठी कथेला हा हलका आवाज सापडला त्याला आता शंभर वर्षं होत आली. आणि तो एकट्या लेखकांनी घडवलेला नाही. त्यासाठी मासिकं लागली, थांबायची तयारी असलेले संपादक लागले, दिवाळी अंकांची ऐसपैस पानं लागली.

मुळात आपलं आधुनिक गद्य वाढलं ते सभेत. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ 1874 सालची. तेव्हापासून पुढची काही दशकं मराठी गद्य म्हणजे खंडन, मंडन, उपदेश. वाक्य असं की उभं राहून मोठ्यानं वाचावं. कीर्तनाची परंपरा होती, संगीत नाटक जोरात होतं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज हाच चांगला आवाज. त्या काळात हरि नारायण आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. कादंबरी समाजसुधारणेसाठीच होती, पण बोलत होती तिची नायिका यमू, स्वतःच्या तोंडानं, घरातल्या घरात बोलावं तशी. त्या नावातच व्यासपीठ नाही. माजघरात कुणी ऐकत नसताना सुटलेला उसासा आहे.

तरी त्या उसाशाची शैली व्हायला आणखी तीन-साडेतीन दशकं गेली. दिवाकर कृष्ण हे हैदराबादेत वकिली करणारे गृहस्थ. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून लांब. ‘समाधी आणि इतर सहा गोष्टी’ हा त्यांचा संग्रह 1927 साली आला. सगळ्या मिळून सात गोष्टी, पण मराठी लघुकथेचा इतिहास सांगणारे आजही त्यांच्यापाशी थांबतात, कारण त्यांत ‘पुढे काय झालं’ यापेक्षा ‘मनात काय झालं’ याला जागा मिळाली. आज वाचताना त्या थोड्या भावविवश वाटतात, हे खरं. पण आवाज खाली आणण्याचं पहिलं धाडस त्यांचं.

पुढची वर्षं ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांची. फडक्यांनी कथेचं तंत्र शिकवलं : सुरुवात पकड घेणारी हवी, गुंतागुंत हवी, शेवटाला कलाटणी हवी. खांडेकरांच्या लेखनात चिंतन भरपूर. पण ते वहीत उतरवून घ्यावं असं, सुभाषितासारखं पूर्ण झालेलं. विचार पात्राच्या तोंडी असला तरी तो लेखकाचा असतो आणि लेखकाला त्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं. हलक्या आवाजातल्या कथेतलं चिंतन याहून वेगळं. ते पात्राला सुचतं, अर्ध्यावर राहतं, कधी चुकीचंही असतं. हा फरक ध्यानात घेतला नाही तर ‘चिंतनशील’ हे विशेषण कुणालाही लावता येतं, आणि आपण ते लावतोही.

हा फरक पहिल्यांदा स्पष्टपणे दिसतो तो कुसुमावती देशपांडे यांच्याकडे. त्या मूळच्या अमरावतीच्या, लंडनला शिकून आलेल्या, नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका. ‘दीपकळी’ हे त्यांचं कथांचं पुस्तक 1934 सालचं आणि ‘मोळी’ 1945 सालचं. त्यांच्या कथांत एखादा साधा माणूस दिसतो, सांगणारीचं मन हलतं आणि कथा संपते. याला कथा म्हणायचं की लघुनिबंध, असा प्रश्न समीक्षकांना पडत राहिला. मला तो प्रश्न म्हणजेच त्यांच्या कामाची पावती वाटते. फडक्यांच्या तंत्रात न बसणारं काहीतरी त्यांनी लिहिलं होतं आणि त्याला द्यायला नाव नव्हतं. त्या स्वतः उत्तम समीक्षक होत्या. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा त्यांनी घेतलेला आढावा अजून वापरात आहे. म्हणजे हे साधेपण अजाणता आलेलं नव्हतं. काय गाळायचं हे त्यांना कळत होतं. 1961 साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री, आणि त्याच वर्षी गेल्या. आज ‘कवी अनिलांच्या पत्नी’ आणि दोघांच्या पत्रव्यवहाराच्या ‘कुसुमानिल’मधली पत्रं एवढ्यावर त्यांची ओळख उरली आहे, याचं फार वाईट वाटतं.

कथा आणि निबंध यांच्या सीमेवरची ही जागा पुढे ललित निबंधानं मोठी केली. इरावती कर्वे यांचं ‘परिपूर्ती’ 1949 सालचं, दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 सालचं. कथानक नसतानाही गद्य वाचकाला धरून ठेवू शकतं, हे या पुस्तकांनी मराठी वाचकाला शिकवलं. कथाकारांना तयार कान मिळाला तो इथून.

याच सुमारास मुंबईत गिरगावच्या खटाववाडीतून ‘सत्यकथा’ हे मासिक निघत होतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिथले संपादक. पटवर्धनांची लेखकांना जाणारी पत्रं प्रसिद्ध आहेत : कुठलं वाक्य जास्त झालं, पात्राच्या वागण्याला आधार कुठे आहे, शेवट का ओढून आणला. एकाच कथेवर पुन्हा पुन्हा काम होई. ‘पाडस’ हा त्यांनी केलेला अनुवाद वाचला की कळतं, त्यांना स्वतःला कसलं गद्य आवडत होतं. 1945 च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा, म्हणजे तंत्राचे साचे मोडणारी नवी कथा, उभी राहिली. हे चौघे एका सुरातले नव्हते. भाव्यांचा आवाज तर चांगलाच चढा. पण कलाटणीची सक्ती गेली, हे त्या सगळ्यांचं मिळून काम.

त्यांतला माझ्या मते सर्वांत हलक्या आवाजाचा लेखक माडगूळकर. 1955 सालची ‘बनगरवाडी’ घ्या. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो. शाळा सुरू होते, कारभाऱ्याशी जमतं, बिनसतं, तालीम बांधली जाते, मग दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. सगळी माणसं निघून जातात, तरी लेखक गळा काढत नाही. वाक्यं लहान, विशेषणं मोजकी. मास्तर पाहतो, चालतो, पुन्हा पाहतो. शहरातल्या खिडकीशी बसून विचार करणं म्हणजेच अंतर्मुखता, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही कादंबरी पुन्हा उघडावी. इथे माणदेशच्या उघड्या माळावर, मेंढरांच्या कळपात, तीच शांतता आहे. माडगूळकर चित्रं काढत, रानात भटकत. एका जागी न हलता पाहत राहण्याची सवय त्यांच्या गद्यात उतरली आहे.

पण ही गोष्ट इथे सरळ पुढे जात नाही. 1963 साली बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा दलितांच्या जगण्यावरचा कथासंग्रह आला. त्यातला आवाज हलका नाही, हलका असणं शक्यच नव्हतं. 1969 साली लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे स्वतःच काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांच्या चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. त्यांचा राग एका मासिकापुरता नव्हता. संयम, तरलता, कलात्मक अंतर ही मूल्यं कुणाच्या घरातून आली आणि कुणाला परवडतात, असा तो प्रश्न होता. ज्याला शतकानुशतकं गप्प बसवलं, त्याला शांततेची महती सांगणं हा अन्यायच. हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो आणि हलक्या आवाजाच्या कथेवर प्रेम करणाऱ्यांनी तो टाळू नये. मात्र 1978 साली आलेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’नं काय केलं तेही पाहावं. आत्मकथन असूनही त्यात एक जण दुसऱ्याचं ऐकतो आणि ते दोघे एकच असतात : शिकून शहरात स्थिरावलेला आणि दगडू मारुती पवार. स्वतःशीच केलेलं हे बोलणं खालच्या पट्टीतलं आहे, म्हणून जास्त जिव्हारी लागतं. शांतपणा हा फक्त वाड्यातल्यांचा वारसा नाही, हे त्या पुस्तकानं दाखवलं.

दरम्यान एक वेगळा ओघ वाहत होता, मुख्यतः बायकांच्या लेखनातून, आणि त्याला पात्र दिलं दीर्घकथेनं. 1909 साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत वर्षातून एकदा लांब लेखनाला जागा मिळत आली आहे. मासिकातली कथा आटोपशीर लागते, कादंबरीला पसारा लागतो. दीर्घकथेत एकाच माणसाच्या मनाजवळ बराच वेळ बसता येतं. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’त (1980) अशा तीन दीर्घकथा आहेत, त्यांतली ‘कारावासातून पत्रे’ तर पत्रांचीच. ‘परिपूर्ती’ लिहिणाऱ्या इरावतीबाईंची ही मुलगी. आईच्या निबंधातला स्वतःकडे रोखून पाहण्याचा गुण लेकीच्या कथेत आला, असं मला नेहमी वाटतं. सानिया यांच्या कथांतल्या नोकरी करणाऱ्या, देश बदलणाऱ्या बायका भांडत कमी आणि समजून घ्यायला धडपडत जास्त असतात. आणि नागपूरच्या आशा बगे. त्यांच्या एका संग्रहाचं नाव ‘मारवा’. मारवा या रागात षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, फार वेळ थांबत नाहीत. घर जवळ दिसतं पण पोचणं लांबत राहतं. बगे यांच्या एकत्र कुटुंबांतल्या बायकांचं बरंचसं असंच असतं. त्यांच्या ‘भूमी’ला 2006 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘सत्यकथा’ 1982 साली बंद पडलं. त्याच प्रकाशनगृहाचा ‘मौज’ दिवाळी अंक मात्र चालू राहिला आणि पुढच्या पिढीची बरीच दीर्घकथा अशा अंकांमधून आली. मिलिंद बोकील यांची ‘समुद्र’ ही छोटी कादंबरी या रांगेत अगदी नेमकी बसते. मध्यमवयीन नवरा-बायको काही दिवस समुद्रकाठी जाऊन राहतात आणि बोलतात. खाणं, फिरणं, खोलीत परतणं, पुन्हा बोलणं. इतक्या वर्षांच्या संसारात न बोललेलं काहीतरी हळूहळू वर येतं. मी ती दुसऱ्यांदा वाचली तेव्हा दोघांच्या बोलण्यामधले खंड मोजत होतो, नवरा नेमका कुठे गप्प होतो ते पाहत होतो. तेव्हा मला कुसुमावतीबाईंची ‘दीपकळी’ आठवली, आणि जुन्या पुस्तकांच्या कपाटापाशी जाऊन मी ती काढली.