लाकडी फरशी (ठाणे–नवी मुंबई परिसर)

लाकडी फरशी : घरातल्या जमिनीवर कठीण लाकडाच्या फळ्या एकमेकींत गुंतवून केलेले आच्छादन. फरशी म्हटली की डोळ्यांपुढे दगड येतो. लाकडाने हे नाव उसने घेतले आहे. ठाण्याच्या जुन्या वाड्यांत लाकूड पायाखाली असायचे ते वरच्या मजल्यावर : तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या, म्हणजे कडीपाट. त्याला खालूनही वारा लागे. आजच्या सदनिकेत फळी काँक्रीटच्या स्लॅबवर किंवा सरळ जुन्या टाइल्सवर बसते आणि तिला हवा लागायला वरची एकच बाजू उरते. पुढच्या बहुतेक तक्रारी इथून सुरू होतात.

‘वूडन फ्लोरिंग’ या एका नावाखाली दुकानात तीन वेगळ्या वस्तू मिळतात. अखंड फळी साधारण १८ ते २० मिमी जाडीची, साग किंवा ओकची. इंजिनिअर्ड फळीत वर २ ते ६ मिमी खरे लाकूड आणि खाली उभ्या-आडव्या थरांचे प्लाय असते. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंच्या तक्त्यावर लाकडाचे छापील चित्र. झिजल्यावर ते घासून नवे करता येत नाही, कारण घासायला वर लाकूडच नसते. नमुन्याची कापलेली कड पाहिली की कोणती वस्तू ते लगेच कळते. विक्रेता बहुधा चकाकणारी वरची बाजूच पुढे करतो.

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. तसे करताना ते लांबीत जवळजवळ बदलत नाही. फुगते आणि आकसते ते रुंदीत. साग या बाबतीत शहाणा मानला जातो. तरीही लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी वाढला, तर ३ मीटर रुंद खोलीतल्या सागाच्या फळ्या मिळून, लाकूड कसे चिरले आहे त्यानुसार, एक ते दोन सेंटिमीटर जागा जास्त मागतात. ठाण्यात वर्षाला सुमारे २५०० मिमी पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात खाडी शेजारी. लाकडात किती ओलावा चालेल हे सांगणारे आयएस २८७ हे मानकही देशाचे हवेतल्या आर्द्रतेनुसार चार विभाग करते. नागपूरला चाललेली फळी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर तशीच वागेल असे नाही. या हवेत अखंड फळीचा हट्ट धरण्यापेक्षा जाड वरथराची इंजिनिअर्ड फळी बरी, कारण तिचे आडवे थर एकमेकांना आवरून धरतात.

काम कधी करायचे हाही कारागिरीचाच भाग आहे. दसऱ्याला गृहप्रवेश साधायचा म्हणून फळ्या ऐन श्रावण-भाद्रपदात, पुरत्या फुगलेल्या असताना घट्ट बसवल्या जातात आणि पौष-माघात सांध्यांत नाणे उभे राहील अशा फटी दिसू लागतात. दोष सुताराला लागतो. खरा तो मुहूर्ताचा. शक्यतो पाऊस संपून हवा कोरडी होऊ लागली की काम काढावे. रंगारी आणि पीओपीवाले गेल्यावरच फळ्या घरात आणाव्यात, त्याच खोलीत गठ्ठे सोडून रचाव्यात, आणि ओलावामापकाचा आकडा सलग काही दिवस स्थिर राहिला की बसवाव्यात. ‘दोन दिवस ठेवल्या की झालं’ हे मिस्त्रींचे म्हणणे ऋतू पाहून ऐकावे.

त्याआधी स्लॅब तपासायचा. उघड्या काँक्रीटवर दीड फूट लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून दिवसरात्र ठेवावा. उचलल्यावर आत थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडले असेल, तर थांबावे. टाइलवर ही परीक्षा फसवी ठरते. टाइल पाणी अडवते, ते सांध्यांतून वर येते. सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे. तिथल्या तळमजल्याच्या घरांत तर ही परीक्षा टाळूच नये.

जमीन पाणसळ लावून पाहतात. दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त खळगा असेल तर तो आधी भरून घेतात. मग प्लास्टिकचा पडदा, फोम आणि फळ्या, किंवा रिपा (लाकडाच्या अरुंद पट्ट्या) आणि प्लायवर खिळवलेल्या फळ्या. सरळ स्लॅबवर चिकटवायच्या असल्यास पीयूचा (पॉलियुरेथेनचा) गोंद. सुताराचा नेहमीचा पांढरा गोंद पाण्यातला असतो, तो इथे नको. शेजारच्या ओळींतले सांधे किमान १५० मिमी पुढेमागे ठेवतात. भिंतीलगत चारही बाजूंना १० ते १२ मिमी फट सोडतात. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचे असते, फळीला नव्हे. ही फट सिमेंटने बुजवली की जुलैत फरशी खोलीच्या मधोमध तंबूसारखी उठते.

दुरुस्तीत घाई नडते. बाल्कनीच्या सरकत्या दारापाशी ओलावा शिरला की फळीच्या कडा वर येतात, मधला भाग खोल राहतो, फळी पन्हळीसारखी होते. खालची बाजू वरच्यापेक्षा ओली आहे, एवढाच त्याचा अर्थ. लगेच मशीन लावून कडा घासल्या, तर दोन-तीन महिन्यांनी लाकूड वाळते, कडा खाली जातात आणि तीच फळी पालथ्या पन्हळीसारखी दिसते. आधी पाणी कुठून येते ते शोधावे : दाराची खाच, एसीची नळी, वरच्या मजल्याचे न्हाणीघर, किंवा रोज बादलीभर फिनेलच्या पाण्याने होणारी पुसापुशी. ते बंद करून हिवाळ्यापर्यंत वाट पाहावी; पुष्कळ फळ्या आपोआप बसतात. उरलेल्या घासताना ४० नंबरच्या कागदाने सुरुवात करून ६०, ८०, १०० असे चढत जातात. टप्पा गाळला तर ओरखडे पॉलिश चढल्यावर उठून दिसतात.

पावलागणिक कुरकुर ऐकू आली, तर फळी खिळ्यावर किंवा शेजारणीच्या जिभेवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या पुढे आलेल्या कडेवर, घासत असते. टाल्कम पावडर भरून काही दिवस निभावते. कायमचा उपाय म्हणजे रिपेत स्क्रू घट्ट करून वर लाकडी गुटका बसवणे. चिकटवलेली फळी टिचकीला पोकळ वाजली, तर बारीक भोकातून गोंद सोडून वर वजन ठेवतात.

एकच फळी बदलायची असेल तेव्हा सुताराचा कस लागतो. कटरचे पाते फळीच्या जाडीइतकेच खाली ठेवून मधोमध दोन उभे काप घेतात, मधला पट्टा पटाशीने उचलतात, मग दोन्ही कडा आतल्या बाजूला ओढून सोडवतात. शेजारच्या खाचेला धक्का लागता कामा नये. नव्या फळीची जीभ शेजारच्या खाचेत सरकवायची आणि तिच्या स्वतःच्या खाचेचा खालचा ओठ तासून ती वरून गोंदावर बसवायची. त्यासाठी मूळ कामातल्या चार-पाच फळ्या घरातच, त्याच खोलीतल्या पलंगाखाली ठेवलेल्या असाव्यात. जुन्या सागावर वर्षानुवर्षे उजेड पडलेला असतो, त्यामुळे नवी फळी पहिले काही महिने ठिगळासारखी वेगळी दिसते. मग हळूहळू तिचाही रंग बदलतो.