निओफोरजे ग्राफ डेटाबेस : लिनक्स सर्व्हरवर पॅकेज मॅनेजरने इन्स्टॉलेशन

निओफोरजे हा ग्राफ प्रकारातला डेटाबेस डेबियन, उबुंटू, रेड हॅट किंवा त्यांच्या कुळातल्या लिनक्स सर्व्हरवर एपीटी, यम, डीएनएफ अशा पॅकेज मॅनेजरने इन्स्टॉल करण्याची पद्धत. या पद्धतीत फाइली ठरलेल्या जागी बसतात, डेटाबेससाठी वेगळा सिस्टीम युजर तयार होतो, सिस्टीमडीमध्ये (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेत) सर्व्हिस नोंदवली जाते आणि पुढचे अपडेट सर्व्हरच्या नेहमीच्या अपडेटबरोबर मिळतात. टार फाइल उतरवून ती कुठल्यातरी फोल्डरात उघडूनही निओफोरजे चालतो. पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या सर्व्हरसाठी पॅकेजचीच वाट धरावी. वर्षभराने दुसऱ्याच कोणी त्या मशीनवर लॉगिन केले, तरी लॉग कुठे आणि डेटा कुठे हे त्याला शोधत बसावे लागत नाही.

ग्राफ डेटाबेसमध्ये माहिती टेबलांऐवजी नोड आणि त्यांना जोडणारी नाती या रूपात साठवतात. नोडवर लेबल असते, नात्याला प्रकार आणि दिशा असते, आणि दोघांनाही स्वतःचे गुणधर्म देता येतात. ही मांडणी मराठी माणसाला समजवायला फार लांब जावे लागत नाही. ‘मावसभाऊ’ हा शब्द घ्या : आईकडे जा, तिथून तिच्या बहिणीकडे, तिथून तिच्या मुलाकडे. आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ याही अशाच वेगवेगळ्या वाटा आहेत. टेबलांच्या डेटाबेसमध्ये यातल्या प्रत्येक पावलाला एक जॉइन, म्हणजे दोन टेबलांची जुळणी, लागतो, आणि पावले वाढली की क्वेरी जड होत जाते. निओफोरजेमध्ये नोडपासून त्याच्या नात्यांकडे थेट जाता येते, त्यामुळे शोधाचा खर्च एकूण डेटा किती यापेक्षा प्रत्यक्ष किती वाट चालली यावर ठरतो. सायफर या त्याच्या क्वेरी भाषेत नोड गोल कंसात आणि नाते बाणावर लिहितात, म्हणजे ही वाट जवळजवळ चित्रासारखी मांडता येते.

निओफोरजेचा उगम स्वीडनचा. तो घडवणारी कंपनी 2007 मध्ये स्थापन झाली आणि 1.0 ही आवृत्ती 2010 मध्ये आली. एमिल आयफ्रेम हे कंपनीचे एक संस्थापक. पनामा पेपर्सच्या 2016 मधल्या शोधपत्रकारितेत कंपन्या, मालक आणि पत्ते यांचे जाळे उलगडायला हाच डेटाबेस वापरला गेला होता. सायफरच्या वळणावर गेलेली जीक्यूएल ही ग्राफ क्वेरी भाषा एप्रिल 2024 मध्ये आयएसओचे मानक म्हणून प्रसिद्ध झाली. निओफोरजेची कम्युनिटी आवृत्ती जीपीएल 3 परवान्याखाली मोफत मिळते, तर एंटरप्रायझ आवृत्तीला व्यावसायिक परवाना लागतो. पॅकेजेसही दोन आहेत, त्यामुळे इन्स्टॉल करताना नाव नीट वाचावे.

आधी जावा

निओफोरजे जावावर चालतो, आणि इन्स्टॉलेशनमधल्या निम्म्या अडचणी इथेच सुरू होतात. 3.5 ला जावा 8 लागे, 4 च्या मालिकेला जावा 11, 5 च्या मालिकेला जावा 17. जावा 21 चा पाठिंबा 5.14 पासून आला. जानेवारी 2025 पासून आवृत्त्यांना वर्ष आणि महिन्याचे आकडे देण्याची पद्धत सुरू झाली, 2025.01 अशी, आणि या नव्या मालिकेला जावा 21 लागतो.

आता डेबियन 12 चा सर्व्हर समोर आहे असे समजा. त्याच्या स्वतःच्या रेपोत, म्हणजे पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यात, ओपनजेडीके (मोफत जावा) 17 आहे, 21 नाही. निओफोरजेच्या रेपोतून ‘लेटेस्ट’ ही शाखा जोडून इन्स्टॉलची कमांड दिली, की एपीटी ‘अनमेट डिपेन्डन्सीज’ म्हणून थांबतो. पॅकेज मोडलेले आहे असे वाटते, पण एपीटीने आपले काम चोख केलेले असते : हवा तो जावा मिळत नाही, तर अर्धवट इन्स्टॉल करण्यापेक्षा त्याने नकार दिला. इथे दोन मार्ग आहेत. एक, 5 ची शाखा जोडावी आणि 5.26 ही दीर्घकाळ पाठिंबा असलेली आवृत्ती बसवावी. दोन, जावा 21 दुसऱ्या विश्वासू रेपोतून आणावा. ज्या सर्व्हरला वारंवार हात लावायचा नाही, तिथे पहिला मार्गच योग्य. उबुंटू 22.04 आणि 24.04 वर जावा 21 त्यांच्याच रेपोत असल्याने हा प्रश्न येत नाही. एकाच मशीनवर दोन जावा असतील, तर अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने कोणता वापरायचा ते ठरवून द्यावे आणि ‘जावा मायनस व्हर्जन’ देऊन खात्री करून घ्यावी.

रेपो आणि सही

डेबियन आणि उबुंटू यांच्या मूळ रेपोत निओफोरजे नाही. तो निर्मात्यांच्या रेपोतून घ्यावा लागतो, आणि म्हणून आधी त्यांची जीपीजी चावी मशीनवर आणावी लागते. पॅकेज वाटेत कोणी बदललेले नाही ना, हे एपीटी याच चावीने तपासतो. जुन्या लेखांमध्ये यासाठी एपीटी-की ही कमांड दिसते. ती आता वापरू नये, कारण तिने जोडलेली चावी मशीनवरच्या सगळ्याच रेपोंसाठी ग्राह्य धरली जाते. चावी ईटीसी (/etc) खालच्या एपीटी फोल्डरातल्या कीरिंग्जमध्ये ठेवावी आणि रेपोच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून तिचा पत्ता द्यावा, म्हणजे ती त्या एकाच रेपोपुरती राहते. त्याच ओळीच्या शेवटी शाखेचे नाव येते : ‘स्टेबल’ आणि त्यापुढे 4.4, 5 किंवा लेटेस्ट. या एका शब्दावर पुढच्या कित्येक वर्षांचे अपडेट अवलंबून असतात. मग एपीटीचा अपडेट आणि त्यानंतर इन्स्टॉल.

रेड हॅटच्या कुळात काम हेच, जागा वेगळ्या. चावी आरपीएमच्या इम्पोर्टने घेतात, यमच्या रेपो फोल्डरात निओफोरजेची छोटी फाइल लिहितात आणि तिच्यात जीपीजीचेक 1 ठेवतात. तो शून्य करून ‘आता चालले’ म्हणणारे सल्ले सर्रास मिळतात, ते मानू नयेत. एंटरप्रायझ पॅकेज बसवताना परवाना मान्य असल्याचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आधीच सांगता येते, नाहीतर इन्स्टॉलर मध्येच विचारतो आणि स्क्रिप्टने चाललेले काम अडकून पडते.

पहिल्या स्टार्टच्या आधी

पॅकेज बसले की लगेच स्टार्ट देण्याचा मोह होतो. तो आवरावा. सिस्टीमसीटीएल या सिस्टीमडीच्या कमांडच्या स्टेटसमध्ये सर्व्हिस बंद आहे ना ते पाहावे आणि निओफोरजे-अॅडमिन या व्यवस्थापनाच्या कमांडने सुरुवातीचा पासवर्ड ठरवून द्यावा. ही कमांड फक्त पहिल्या स्टार्टच्या आधीच लागू पडते. डेटाबेस एकदा जरी उठला, तरी युजरची नोंद तयार झालेली असते आणि मग त्या कमांडचा उपयोग होत नाही. मूळ युजरनेम आणि मूळ पासवर्ड दोन्ही ‘निओफोरजे’च आहेत, आणि ही गोष्ट जगजाहीर आहे.

ही कमांड कोणत्या युजरने चालवायची, हेही तितकेच महत्त्वाचे. पॅकेजने ‘निओफोरजे’ नावाचा युजर तयार केलेला असतो आणि डेटाच्या सगळ्या फाइली त्याच्या मालकीच्या असतात. अॅडमिनची कमांड रूट म्हणून चालवली, किंवा ‘चालतो का पाहू’ म्हणून रूटनेच कन्सोलमध्ये डेटाबेस उठवला, की नव्या फाइली रूटच्या नावावर होतात. नंतर सर्व्हिस सुरू करताना ती उठते आणि पडते, उठते आणि पडते, आणि लॉगमध्ये परवानगी नाकारल्याची ओळ दिसते. अशा वेळी व्हार-लिबमधल्या (/var/lib) निओफोरजे फोल्डरावर ‘एलएस मायनस एल’ द्यावे : दहा ओळी निओफोरजेच्या आणि मध्येच एक-दोन रूटच्या दिसतात. सर्व्हिस थांबवून सगळ्या फोल्डराची मालकी निओफोरजे युजरला परत दिली, की डेटाबेस निमूट उठतो. हे टाळायचे तर कमांड ‘सुडो मायनस यू निओफोरजे’ अशी सुरू करावी.

कॉन्फिगची फाइल ईटीसीमधल्या निओफोरजे फोल्डरात, डेटा आणि प्लगइन व्हार-लिबमध्ये, लॉग व्हार-लॉगमध्ये. इम्पोर्ट करायच्या सीएसव्ही फाइलींसाठीही व्हार-लिबमध्येच वेगळा फोल्डर आहे. सायफरची लोड सीएसव्ही कमांड सर्व्हरवरच्या फाइली साधारणपणे त्या फोल्डराबाहेरून वाचत नाही. मेमरीचे दोन भाग स्वतः ठरवलेले बरे : जावाची हीप आणि डिस्कवरचा ग्राफ मेमरीत धरून ठेवणारी पेज कॅश. निओफोरजे-अॅडमिनची मेमरी-रेकमेंडेशन ही कमांड मशीन पाहून आकडे सुचवते. 2 जीबी ही अगदी किमान रॅम आहे. एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा 40,000 च्या खाली असेल, तर डेटाबेस सुरू होताना तसे बजावतो. ती सिस्टीमडीच्या युनिटमध्ये लिमिट-नोफाइल लिहून वाढवावी. युनिटची मूळ फाइल मात्र बदलू नये, सिस्टीमसीटीएलच्या एडिटने पुरवणी जोडावी. मूळ फाइलीतला बदल पुढच्या अपडेटमध्ये पुसला जातो.

सुरू झाले, पण जोडले जात नाही

स्टार्ट दिल्यावर स्टेटस लगेच ‘अॅक्टिव्ह’ दाखवतो आणि त्याच क्षणी सायफर-शेल (टर्मिनलमधून क्वेरी देण्याचे साधन) उघडले तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येते. जावाची प्रोसेस उठलेली असते, डेटाबेस अजून तयार होत असतो. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमडीच्या लॉगमध्ये, बोल्ट (क्वेरींची ये-जा करणारा प्रोटोकॉल) 7687 या पोर्टवर सुरू झाल्याची ओळ आणि त्यानंतर ‘स्टार्टेड’ दिसेपर्यंत थांबावे.

पोर्ट तीन आहेत : ब्राउझरसाठी 7474, त्याचाच एचटीटीपीएस भाऊ 7473, आणि प्रत्यक्ष क्वेरींची ये-जा करणारा बोल्ट 7687. सुरुवातीला डेटाबेस फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, आणि ते उत्तम आहे. दूरच्या लॅपटॉपवरून ब्राउझर उघडायचा म्हणून अनेकजण कॉन्फिगमध्ये ऐकण्याचा पत्ता चार शून्यांचा (0.0.0.0, म्हणजे कुठूनही जोडता येईल असा) करतात आणि फायरवॉलही उघडतात. ओळखीचा पासवर्ड आणि जगाला उघडा पोर्ट एकत्र आले, तर डेटा परक्याच्या हाती गेलाच म्हणून समजावे. त्यापेक्षा एसएसएचचा बोगदा, म्हणजे सुरक्षित लॉगिनच्या जोडणीतून पोर्ट वळवण्याची सोय, वापरावा. तो करताना 7474 आणि 7687 दोन्ही पोर्ट वळवावे लागतात. फक्त पहिलाच वळवला तर लॉगिनचे पान छान उघडते, पासवर्डही बरोबर असतो, आणि तरी जोडणी होत नाही, कारण ते पान स्वतःच पुढे बोल्टवर बोलायला जाते.

अपडेट, बॅकअप, काढणे

सर्व्हरवर सर्व पॅकेजेस आपोआप अपडेट होत असतील, तर निओफोरजेला एपीटी-मार्कने होल्डवर ठेवावे. डेटाबेस कधी बदलायचा ते माणसाने ठरवावे, रात्री चालणाऱ्या क्रॉनने नव्हे. 4.4 वरून 5 वर जाताना कॉन्फिगमधली बरीच नावे बदलली : ‘डीबीएमएस’ने सुरू होणाऱ्या अनेक ओळी ‘सर्व्हर’ने सुरू होऊ लागल्या. अपडेटमध्ये डीपीकेजी (एपीटीमागचे पॅकेज बसवणारे साधन) कॉन्फिगबद्दल विचारतो, एंटर दाबला की जुनी फाइल तशीच राहते, आणि 5 ची आवृत्ती अनोळखी ओळ दिसताच सुरू व्हायला नकार देते. निओफोरजे-अॅडमिनमध्ये जुनी फाइल नव्या नावांत बदलून देणारी आणि डेटाबेस नव्या साच्यात नेणारी अशा दोन वेगळ्या कमांड आहेत. एकदा नव्या साच्यात गेलेला डेटाबेस जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून बॅकअप आधी.

कम्युनिटी आवृत्तीत चालू डेटाबेसचा बॅकअप घेता येत नाही. सर्व्हिस थांबवून निओफोरजे-अॅडमिनने डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एक फाइल, घ्यावा लागतो, आणि एक तरी डंप दुसऱ्या मशीनवर लोड करून पाहावा. पॅकेज काढताना एपीटीचा ‘रिमूव्ह’ कॉन्फिग जागेवर ठेवतो, ‘पर्ज’ तेही नेतो. डंप मशीनबाहेर गेलेला असल्याशिवाय पर्ज देऊ नये.